विमा असूनही पदरमोड का? समारंभाच्या विम्यातलं डिडक्टिबल

ऐन वेळी एखादा मोठा कार्यक्रम रद्द झाल्याची बातमी आली की तिच्याखाली एक प्रतिक्रिया हमखास सापडते: ‘त्यांना काय, विमा असेलच!’ विमा बहुतेक वेळा असतोही. पण दाव्याचा निकाल सांगणारं पत्र आयोजकाच्या हातात पडतं तेव्हा चित्र वेगळंच असतं. समजा, नुकसान झालं ८०, पत्रात मंजूर रक्कम ५०. दावा फेटाळलेला नाही, कागद कमी पडलेले नाहीत, हप्ताही वेळेवर भरलेला. पॉलिसीवर ‘डिडक्टिबल १०’, म्हणजे भरपाईतून १० कापले जाणार, असं स्पष्ट छापलेलं आहे, म्हणजे ७० मिळायला हवे होते. मग आणखी २० कुठे गेले?

हे आकडे कुठल्याही चलनात, हजारांत किंवा लाखांत धरा, हिशेब बदलत नाही. या २० चं उत्तर लेखात पुढे येईल. तोवर एवढं लक्षात ठेवा की डिडक्टिबलचा आकडा सगळ्यांना दिसतो, पण माणूस फसतो तो त्या आकड्याच्या मागेपुढे असलेल्या दोन-चार शब्दांत.

आधी हा विमा कशाचा ते पाहू

लग्न, मैफल, प्रदर्शन, स्पर्धा, परिषद अशा ठरावीक दिवसांच्या कार्यक्रमासाठी घेतलेला विमा म्हणजे समारंभ विमा. घराचा किंवा गाडीचा विमा वर्षानुवर्षं नूतनीकरण करत चालतो, हा मात्र कार्यक्रम उरकला की संपतो.

पॉलिसी एक दिसली तरी तिच्या पोटात निरनिराळे कप्पे असतात. एक कप्पा कार्यक्रम रद्द होण्याचा किंवा पुढे ढकलण्याचा. दुसरा साहित्याचा: भाड्याने आणलेले स्पीकर, दिवे, मंडप, पडदे. तिसरा दायित्वाचा, म्हणजे तुमच्या कार्यक्रमामुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली किंवा त्याच्या मालमत्तेची मोडतोड झाली तर द्यावी लागणारी भरपाई. मुख्य कलाकार न येणं, खराब हवामान असे कप्पे बहुधा वेगळे पैसे भरून जोडून घ्यावे लागतात.

डिडक्टिबल कप्प्यागणिक वेगळं असू शकतं. ‘तुमच्या पॉलिसीला डिडक्टिबल किती?’ या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर मिळालं, तर उत्तर देणाऱ्याने पॉलिसी नीट पाहिलेली नाही असं मी तरी धरून चालतो.

ठरवून केलेली पदरमोड

डिडक्टिबल म्हणजे नुकसानीतला तो वाटा, जो तुम्ही स्वतः सोसायचा असं पॉलिसी घेतानाच ठरलेलं असतं. ब्रिटन, ऑस्ट्रेलियाकडच्या पॉलिसींत यालाच ‘एक्सेस’ म्हणतात. मराठीत वजावट म्हणता येईल, पण मला ‘पदरमोड’ हा शब्द जास्त जवळचा वाटतो. फरक इतकाच की एरवी पदरमोड अवचित करावी लागते, ही आधीच लिहून दिलेली असते.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. डिडक्टिबल ही आधी भरायची रक्कम नाही. तुमच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा असेल तर भरपाईतूनच ती कापली जाते. १०० चं नुकसान, १० डिडक्टिबल, खात्यात ९०. आणि नुकसान १० पेक्षा कमी असेल तर दावा करण्यात अर्थच नाही.

हप्ता घेता ना, मग वर ही कापाकापी कशाला?

हा राग रास्त आहे. विमा कंपन्या त्यावर दोन कारणं सांगतात. त्यातलं पहिलं मला पूर्ण पटतं, दुसरं अर्धंच.

पहिलं कारण व्यवहाराचं. एक खुर्ची मोडली. तिचा दावा नोंदवायचा, नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरला पाठवायचं, बिल तपासायचं, पैसे वळते करायचे. सर्व्हेअरची फेरीच खुर्चीपेक्षा महाग पडते. असे बारीकसारीक दावे घेत बसलं तर तो सगळा खर्च शेवटी प्रत्येकाच्या हप्त्यात चढणार. ते टाळण्यासाठी किरकोळ नुकसान ज्याचं त्याने सोसायचं.

दुसरं कारण काळजीचं. नुकसानीत स्वतःचा वाटा असला की माणूस सावध राहतो, असा हा युक्तिवाद. मंडपाच्या खुंट्या किती खोल ठोकल्या, दोर दुहेरी घेतले का, रात्री राखण कुणाची, या बाबतीत तो खरा आहे. सर्व्हेअर आल्यावर पहिल्यांदा पाहतो तेही हेच. फाटलेल्या कापडाच्या आधी त्याची नजर खुंटीच्या भोकाकडे जाते आणि मंडपवाल्याने हा मंडप वाऱ्याच्या किती वेगापर्यंत टिकेल असं लिहून दिलं होतं, तो कागद तो मागतो. पण मुख्य गायिकेचं विमान धुक्यामुळे अडकलं तर त्यात आयोजकाच्या काळजीचा संबंध येतोच कुठे? तिथे डिडक्टिबल हा नुसता किमतीचा भाग असतो. तो वाढवला तर हप्ता उतरतो, कमी केला तर चढतो.

कात्री आणि उंबरठा

सर्वांत साधा प्रकार ठरावीक रकमेचा. नुकसान कितीही असो, १० कापणार. टक्केवारीचा प्रकार आला की मात्र पेन घेऊन बसायचं, कारण ‘१० टक्के’ म्हणजे कशाचे १० टक्के?

विमा रक्कम, म्हणजे जितक्याचा विमा उतरवला तो आकडा, २०० आहे आणि नुकसान ३० चं झालं. ‘नुकसानीच्या १० टक्के’ असं लिहिलं असेल तर तुमचा वाटा ३. ‘विमा रकमेच्या १० टक्के’ असं असेल तर तुमचा वाटा २०, आणि हातात येणार फक्त १०. टक्केवारी तीच, फरक एका शब्दाचा. त्यात ‘किंवा अमुक रक्कम, यांपैकी जे जास्त असेल ते’ अशी शेपटी जोडलेली असते. लहान दाव्यात ती रक्कम लागू होते, मोठ्या दाव्यात टक्केवारी, आणि दोन्हीकडे जास्त कापलं जातं.

हे सगळे कात्रीचे प्रकार झाले, म्हणजे प्रत्येक भरपाईतून तुकडा कापणारे. याहून वेगळा प्रकार उंबरठ्याचा. त्याला ‘फ्रँचाइझ’ म्हणतात, दुकानांच्या फ्रँचायझीशी त्याचा काही संबंध नाही. नुकसान १० च्या आत असेल तर काहीच नाही, पण १० ओलांडलं की पहिल्या पैशापासून सगळं मिळतं. ९ चं नुकसान झालं तर शून्य, ११ चं झालं तर पूर्ण ११.

ही कल्पना सागरी विम्यातून आली. लंडनच्या लॉइड्स या विमा बाजारात १७७९ साली पक्क्या झालेल्या जहाज-मालाच्या पॉलिसीत साखर, तंबाखू, कातडी अशा मालाचं अंशतः नुकसान ५ टक्क्यांच्या खाली असेल तर भरपाई नाही, इतर बहुतेक मालासाठी ही रेषा ३ टक्क्यांची, असं कलम होतं. ब्रिटनच्या १९०६ च्या सागरी विमा कायद्याला हाच मसुदा परिशिष्ट म्हणून जोडलेला आहे. समुद्रप्रवासात साखर थोडी ओलावणारच, त्यावर कोण भांडत बसणार, हा त्यामागचा विचार.

उंबरठ्याचा प्रकार विमाधारकाला अर्थातच सोयीचा. पण रेषेच्या आसपास तो माणसाला मोहात पाडतो. ९ च्या नुकसानीला कुठून तरी ११ करता आलं तर? कंपन्यांनाही हे कळतं, त्यामुळे रेषेला जेमतेम चिकटून ओलांडणारे दावे जास्त बारकाईने तपासले जाणार हे उघड आहे.

पैशांऐवजी तास, पैशांऐवजी मिलिमीटर

काही जोखमींत वजावट वेळेत मोजतात. वीजपुरवठा खंडित झाला तर पहिले ४ तास तुमचे, त्यापुढचं नुकसान कंपनीचं, असं कलम असू शकतं. कार्यक्रम सातचा, वीज आली दहाला. निम्मे प्रेक्षक निघून गेले, त्यांचे पैसे परत करावे लागले, आणि पॉलिसीच्या लेखी झालं काहीच नाही, कारण ४ तास भरलेच नाहीत. कारखान्याच्या विम्यात ४ तास म्हणजे किरकोळ. संध्याकाळच्या मैफलीत ४ तास म्हणजे अख्खी मैफल. तासांचं कलम दिसलं की आपला कार्यक्रम मुळात किती तासांचा आहे, ते त्याच्या शेजारी लिहून पाहावं.

पावसाच्या विम्याचा एक प्रकार तर नुकसान मोजतच नाही. ठरलेल्या हवामान केंद्रावर, ठरलेल्या वेळेत, ठरलेल्या मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला की ठरलेली रक्कम मिळते. सर्व्हेअर नको, बिलं नकोत. ‘डिडक्टिबल नाही’ असं त्याच्या जाहिरातीत म्हणता येतं आणि ते तांत्रिकदृष्ट्या खरंही असतं. पण मर्यादा १० मिलिमीटरची असताना ९ मिलिमीटर पाऊस पडला, मैदानाचा चिखल झाला, तर सगळं नुकसान तुमचंच. पाऊस मैदानावर कोसळला आणि केंद्रावर नुसतं आभाळ होतं, तरीही तेच. नाव नसलं तरी ती पदरमोडच.

एकदा कापणार की दरवेळी?

तीन दिवसांचा महोत्सव आहे. पहिल्या रात्री वाऱ्याने पडदा फाटला, तिसऱ्या रात्री पुन्हा वारा आला आणि दिवे पडले. डिडक्टिबल एकदा की दोनदा? पॉलिसीत बहुधा ‘प्रत्येक घटनेस’ असं लिहिलेलं असतं, म्हणून सगळा वाद ‘घटना’ कशाला म्हणायचं यावर येतो. एकाच कारणातून झालेलं सगळं नुकसान ही एक घटना, अशी व्याख्या असेल तर दोन रात्रींचा वारा हे एकच वादळ होतं का, हे ठरवावं लागतं. यावर तोडगा म्हणून मालमत्तेच्या विम्यात वादळासारख्या आपत्तींसाठी तासांची चौकट घालतात, त्यात ७२ तास हा आकडा बऱ्याचदा दिसतो. त्या चौकटीत जे झालं ते एक.

याच्या उलट ‘प्रत्येक वस्तूस’ किंवा ‘प्रत्येक दावेदारास’ असे शब्द असतील तर एकाच झुळकेत पडलेल्या सहा दिव्यांवर सहा वेळा कात्री चालू शकते. प्रत्येक दिवा डिडक्टिबलपेक्षा स्वस्त असेल तर भरपाई शून्य. सहाही दिवे गेले तरी शून्यच.

त्या हरवलेल्या २० ची गोष्ट

आता सुरुवातीच्या पत्राकडे येऊ. आयोजकाने पॉलिसी घेतली तेव्हा कार्यक्रमाचा एकूण खर्च १५० धरला होता, म्हणून विमा रक्कमही १५०. पुढच्या महिन्यांत मोठे पडदे आले, रंगमंच वाढला, आणखी एक सत्र जोडलं गेलं. खर्च २०० वर गेला. विमा कंपनीला कुणी कळवलं नाही, कारण त्या गडबडीत ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

अनेक पॉलिसींत प्रमाणाचं कलम असतं. खऱ्या मूल्यापेक्षा कमी रकमेचा विमा घेतला असेल तर उरलेल्या भागाची विमा कंपनी तुम्ही स्वतःच, असं ते मानतं. २०० पैकी १५० म्हणजे पाऊणच विमा. म्हणून ८० च्या नुकसानीचे पाऊण, ६०. त्यातून डिडक्टिबल १० गेलं, उरले ५०. हरवलेले २० डिडक्टिबलने नेलेच नव्हते, ते अपुऱ्या विमा रकमेने नेले.

इथे क्रमालाही महत्त्व आहे. आधी १० वजा करून मग पाऊण काढलं असतं तर साडेबावन्न मिळाले असते. क्रम कोणता, ते पॉलिसीतल्या वाक्यावर ठरतं.

क्रमाचा असाच प्रश्न भरपाईच्या कमाल मर्यादेजवळ येतो. मर्यादा १००, नुकसान १२०, डिडक्टिबल १०. वजावट नुकसानीतून केली तर ११० उरतात, मर्यादेमुळे १०० मिळतात, म्हणजे डिडक्टिबल जाणवतच नाही. मर्यादेतूनच कापली तर ९०. दोन्ही पद्धतींच्या पॉलिसी असतात.

आणि मुळात ८० हे ‘नुकसान’ आलं कसं? कार्यक्रम रद्द झाला की केलेला सगळा खर्च म्हणजे नुकसान, असं नसतं. सभागृहाने परत केलेले पैसे, न छापलेल्या पत्रिका, न आलेल्या कलाकाराचं वाचलेलं मानधन, हे सगळं आधी वजा होतं. जे खरोखर बुडालं तेच नुकसान. अपेक्षित नफा धरायचा असेल तर तो विमा रकमेत आधी लिहून घेतलेला असावा लागतो. डिडक्टिबलचा नंबर या सगळ्यानंतर लागतो.

दुसऱ्याचं नुकसान झालं तर?

दायित्वाच्या कप्प्यात गणित बदलतं, कारण पैसे तुम्हाला मिळायचे नसतात. पाहुणा वायरीत अडकून पडला, त्याला भरपाई द्यायची आहे. नेहमीच्या डिडक्टिबलमध्ये कंपनी त्याला पूर्ण रक्कम देते आणि तुमचा वाटा मागाहून तुमच्याकडून वसूल करते. म्हणजे इथे बिल खरंच तुमच्या दारात येतं.

मोठ्या आयोजकांच्या पॉलिसीत याच जागी ‘सेल्फ-इन्शुअर्ड रिटेन्शन’ नावाची व्यवस्था असते. तिच्यात ठरलेल्या रकमेपर्यंतचा दावा तुम्हीच हाताळायचा, वकीलही तुम्हीच नेमायचा, ती रक्कम संपली की कंपनी पुढे येणार. दोन्हीकडचा आकडा सारखाच असेल, पण एकीकडे पहिला फोन कंपनी उचलते, दुसरीकडे तुम्ही. वकिलाची फी डिडक्टिबलमध्ये धरली जाते की वेगळी, हेही विचारून ठेवावं.

त्यातल्या त्यात दिलासा असा की एकदिवसीय समारंभांच्या अनेक दायित्व पॉलिसींत डिडक्टिबल शून्य असतं, किंवा ते फक्त मालमत्तेच्या मोडतोडीला लागतं, शारीरिक इजेला नाही.

सभागृहवाले विम्याचं प्रमाणपत्र मागतात तेव्हा त्यांची नजर कमाल मर्यादेवर असते. तुमचं डिडक्टिबल हा त्यांचा प्रश्न नसतो. भिंतीला पोचा पडला, दुरुस्ती डिडक्टिबलच्या आत बसली, तर ते तुमच्या अनामत रकमेतून कापून मोकळे होतात.

मग मोठं डिडक्टिबल घेऊन हप्ता वाचवावा का?

गाडीच्या विम्यात हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तिथे तो बऱ्याचदा बरोबर असतो. वर्षानुवर्षं हप्त्यात थोडं थोडं वाचत जातं, कधीतरी एक दावा होतो, हिशेब जुळतो.

समारंभाला ती वर्षं नसतात. डिडक्टिबल १० वरून ४० केलं आणि हप्ता ४ ने उतरला असं समजा. ४ नक्की वाचले, आणि ३० जास्त जाण्याची शक्यता डोक्यावर घेतली. इतका मोठा दावा होण्याची शक्यता साधारण १३ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर कागदावर सौदा फायद्याचा. वर्षाला चाळीस कार्यक्रम करणारी आयोजन कंपनी या सरासरीवर खुशाल विसंबू शकते. अशा काही आयोजन कंपन्या तर वर्षभराच्या वजावटींवर एकत्रित कमाल मर्यादाही ठरवून घेतात. पण ज्याच्या घरात एकच लग्न आहे त्याच्या वाट्याला सरासरी येत नाही. त्याच्या बाबतीत एक तर सगळं सुरळीत होतं, नाहीतर ३० जातात.

शिवाय हे ३० जातात तेही नेमक्या अडचणीच्या वेळी. कार्यक्रम पुढे ढकलला की नव्या तारखेसाठी पुन्हा अनामत, पुन्हा आगाऊ रक्कम, आणि जुन्याचे पैसे अजून दाव्यात अडकलेले. मला विचाराल तर एकट्या समारंभासाठी डिडक्टिबल एवढंच घ्यावं, की त्या आठवड्यात कुणापुढे हात न पसरता ते भरता येईल. तुमच्याजवळ तेवढी शिल्लक खरंच असेल तर मोठं डिडक्टिबल घ्यायलाही हरकत नाही.

डिडक्टिबल शून्य, म्हणजे सगळं मिळणार?

नाही. डिडक्टिबलचा प्रश्न उद्भवतो तो दावा मुळात मान्य झाल्यावर. तिकिटं खपली नाहीत, वधू किंवा वराचं मन बदललं, आयोजकाकडचे पैसे संपले, ही कारणं साधारणपणे पॉलिसीच्या बाहेरच असतात. २०२० मध्ये विम्बल्डन स्पर्धा दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच रद्द झाली तेव्हा तिच्या आयोजकांकडे महामारीचं संरक्षण देणारा विमा होता. असा विमा असणारे तेव्हा फार थोडे होते. त्यानंतर तर संसर्गजन्य आजार हे कारण रद्द-विम्यातून सरसकट वगळलं जाऊ लागलं. वगळलेल्या गोष्टीत तुमचा वाटा शंभर टक्के असतो.

गेलेली रक्कम परत येते का?

कधी कधी येते, आणि हे फार जणांना माहीत नसतं. नुकसान दुसऱ्याच्या चुकीमुळे झालं असेल, म्हणजे मंडपवाल्याने खुंट्या कमी ठोकल्या असतील, तर भरपाई दिल्यावर विमा कंपनी तुमच्या जागी उभी राहून त्याच्याकडून वसुली करू शकते. त्या वसुलीत तुमच्या डिडक्टिबलची मागणीही जोडता येते. वसूल झालेले पैसे आधी कुणाला, कंपनीला की तुम्हाला, की प्रमाणात दोघांना, याचे नियम देशागणिक आणि पॉलिसीगणिक वेगळे आहेत.

मात्र मंडपवाल्याशी केलेल्या करारात ‘नुकसानीबद्दल आम्ही एकमेकांवर दावा करणार नाही’ अशी ओळ असेल तर वसुलीची ही वाट तुम्ही आधीच बंद केलेली असते, आणि कंपनीला न विचारता अशी सही दिली म्हणून मूळ दाव्यावरही प्रश्न उभा राहू शकतो. ही ओळ बहुधा कराराच्या मागच्या पानावर असते, पुरवठादाराच्या छापील अटींमध्ये. सही करण्यापूर्वी त्या पानाचा फोटो काढून विमा एजंटला पाठवला आणि ‘ही ओळ चालेल का?’ एवढंच विचारलं, तरी उत्तर लेखी मिळतं.